इतिहासाचा निबंध कसा लिहावा: तारखा, तळटिपा आणि अवतरणे यांची पद्धत

सत्र संपत आले की टी. वाय. आणि एम. ए.च्या मुलांचे निबंध माझ्याकडे तपासायला येतात. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने पानिपतावर लिहिले होते. वाचन भरपूर, भाषा स्वच्छ, मुद्दाही तिचा स्वतःचा. पण पहिल्याच पानावर वाक्य होते: ‘पौष शुद्ध ८, शके १६८२, म्हणजे इ. स. १७६० मध्ये ही लढाई झाली.’ लढाई १४ जानेवारी १७६१ ची आहे. शाळेत शिकवतात त्याप्रमाणे तिने शकात ७८ मिळवले आणि साल एकाने मागे गेले. पुढे नानासाहेब पेशव्याच्या मृत्यूची तारीख मात्र बरोबर होती, २३ जून १७६१. त्यामुळे तिच्या निबंधात पराभव आणि पेशव्याचा मृत्यू यांच्यात पाच महिन्यांऐवजी जवळजवळ दीड वर्ष पडले. पराभवाचा धक्का पेशव्याला लगेच कसा भोवला, हाच तिचा मुद्दा होता. तो एका बेरजेने लंगडा झाला.

मुले याला ‘फॉरमॅटिंगचे मार्क’ म्हणतात आणि शेवटच्या रात्रीवर टाकतात. मला ते पटत नाही. समास, तळटीप, अवतरणचिन्ह, तारीख लिहायची रीत हे सगळे एकाच कामासाठी आहे. वाचणाऱ्याला तुमच्या वाक्यापासून मूळ कागदापर्यंत जाता आले पाहिजे. कोणता कागद, तो कधीचा, त्यातले शब्द कुठे संपतात आणि तुमचे कुठे सुरू होतात, हे त्याला न विचारता कळले पाहिजे. खाली जे लिहिले आहे ते सगळे याच हिशेबाने. उदाहरण पानिपताचेच घेते, कारण मराठी मुलांनी सर्वांत जास्त वेळा निवडलेला विषय तो आहे. तुमच्या विभागाने छापील नियम दिले असतील तर आधी ते पाळा. जिथे ते गप्प आहेत तिथे हे वापरा.

आधी शीर्षक प्रश्नात बदला

‘पानिपतची तिसरी लढाई: कारणे व परिणाम’ हे गाईडमधल्या प्रकरणाचे नाव झाले. त्यावर निबंध लिहायला बसलात की सगळेच लिहावेसे वाटते आणि कशालाच पुरावा पुरत नाही. ‘१७६० च्या हिवाळ्यात मराठा छावणीची रसद कशी तुटली?’ हा प्रश्न आहे. याला उत्तर देता येते, ते चूक ठरू शकते, आणि कोणते कागद पाहायचे हेही त्यातच कळते. मुखपृष्ठावर शीर्षक, तुमचे नाव, हजेरी क्रमांक, विषयपत्रिकेचे नाव, शैक्षणिक वर्ष आणि शब्दसंख्या एवढेच. तलवारी, घोडे, भगवे काठ नकोत.

टिपण काढतानाच शिस्त लावा

निबंधातल्या निम्म्या चुका वाचनाच्या टेबलावर होतात, लिहिताना फक्त दिसतात. प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर पाच गोष्टी लिहा: संग्रहाचे किंवा पुस्तकाचे नाव, खंड, लेखांक (म्हणजे संग्रहातला त्या कागदाचा क्रमांक), पृष्ठ, आणि कागदावर जशी आहे तशी तारीख. तिचे रूपांतर खाली, वेगळ्या शाईने. मूळ शब्द जसेच्या तसे उतरवत असाल तर पहिल्या अक्षराआधीच अवतरणचिन्ह घाला. ‘नंतर घालू’ म्हटलेले चिन्ह कधीच घातले जात नाही. महिन्याभराने ती वाक्ये आपलीच वाटायला लागतात, आणि अशा रीतीने अगदी प्रामाणिक मुलांवरही चोरीचा ठपका येतो.

मोबाइलवर पानांचे फोटो काढत असाल तर पुस्तकाचे शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू यांचाही फोटो घ्या. आवृत्ती, साल आणि प्रकाशक तिथे असतात. हे एक पान राहिले म्हणून परत ग्रंथालयात हेलपाटा घालणारी मुले मी दर वर्षी पाहते.

तारखा

इथे जरा थांबावे लागेल, कारण मराठ्यांच्या इतिहासात एकाच दिवसाला चार-पाच नावे असतात.

शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात बदलते आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ चा: १५९६ अधिक ७८, म्हणजे १६७४. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ चा: १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. अडचण मार्गशीर्षाची आणि पौषाची, कारण इंग्रजी वर्ष यांच्याच आसपास उलटते. या दोन महिन्यांतली तिथी आली की तोंडी बेरीज करू नका, तिथी आणि तारखा शेजारीशेजारी देणारी जंत्री उघडा. पानिपताची तिथी नेमकी पौषातली आहे. वद्य पक्षातल्या तिथीबद्दल आणखी एक काळजी घ्या. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तर हिंदुस्थानात पौर्णिमेला. त्यामुळे आपला फाल्गुन वद्य हा तिकडचा चैत्र वद्य असतो. उत्तरेतल्या हिंदी साधनातून तिथी घेतलीत तर हे तपासलेच पाहिजे.

मराठी पत्रांत शकाबरोबर, किंवा त्याऐवजी, सुहूर सनही भेटतो. तो अरबी अंकनामांनी लिहिलेला असतो आणि त्यात एकं आधी येते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ मध्ये १७६० चा दुसरा अर्धा आणि १७६१ चा पहिला अर्धा येतो. पानिपताच्या मोहिमेचा शेवटचा, निर्णायक भाग या एका सुहूर वर्षात बसतो. तारखेच्या आधी ‘छ’ दिसला तर तो चांद्र दिवस, आणि त्यापुढे मुसलमानी महिन्याचे नाव असते. ‘पैवस्ती’ म्हणून जी तारीख असते ती पत्र पोहोचल्याची. ती लिहिल्याची समजून घेतली तर दिल्लीची बातमी आठवडे-आठवडे पुढे सरकते. रसदीसारख्या विषयात लिहिल्याचा आणि पोहोचल्याचा दिवस दोन्ही लिहा. त्या दोहोंतले अंतर हाच कधी कधी तुमचा पुरावा असतो.

युरोपीय कागद वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोर्तुगीजांनी सुधारलेले (ग्रेगरियन) पंचांग १५८२ मध्ये स्वीकारले. इंग्रजांनी ते १७५२ मध्ये घेतले, तेव्हा २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला. सतराव्या शतकात या दोन गणनांत दहा दिवसांचे अंतर होते. राज्याभिषेकाचा जो दिवस इंग्रजांच्या गणनेने ६ जून १६७४, तोच गोव्यातल्या पोर्तुगीज गणनेने १६ जून पडतो. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट वखारवाल्यांच्या हिशेबाने १६६३ सालातच मोडते. अशा तारखा ‘जानेवारी १६६३/६४’ अशा तिरक्या रेघेने लिहिण्याची रीत आहे. पुष्कळ मुले ती रेघ छपाईची चूक समजून गाळतात. निबंधाच्या सुरुवातीलाच एक तळटीप देऊन कोणती गणना वापरली ते सांगून टाका, मग प्रत्येक ठिकाणी खुलासा लागत नाही. पानिपताच्या निबंधाला हा त्रास नाही, १७६१ पर्यंत इंग्रजांचीही गणना बदलली होती.

लिहिण्याची रीत साधी ठेवा: मजकुरात ‘१४ जानेवारी १७६१’, आणि मूळ तिथी महत्त्वाची असेल तर कंसात ‘पौष शुद्ध ८, शके १६८२’. शतक अक्षरांत लिहा, ‘अठराव्या शतकात’. सलग वर्षे ‘१७६०-६१’. एकदा देवनागरी अंक धरले की शेवटपर्यंत देवनागरीच, पृष्ठांकांसह. कोस, मण, खंडी, होन यांचे किलोमीटर आणि किलोग्रॅम करू नका. ही मापे प्रांताप्रांतांत बदलत. मूळ शब्द ठेवून गरज पडली तर टिपेत खुलासा करा.

तळटीप कशी लिहावी आणि कशाला

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांप्रमाणे कंसात आडनाव आणि साल लिहू का, असे मला दर वर्षी कोणीतरी विचारते. विभागाचा तसा आग्रह असेल तर इलाज नाही, पण इतिहासाला ती पद्धत अपुरी पडते. ‘(राजवाडे, १८९८)’ यावरून वाचकाला काय कळले? वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये छापला, एवढेच. त्यातले पत्र १७६० चे आहे, कोणी कोणाला लिहिले, कुठून लिहिले, हे सगळे त्या कंसात हरवले. इतिहासात कागदाचे साल आणि पुस्तकाचे साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही सांगायला तळटीपच लागते.

पहिल्यांदा टीप देताना क्रम असा ठेवा: पत्र कोणाचे कोणाला, तारीख, मग संपादकाचे नाव आणि ‘(संपा.)’, संग्रहाचे नाव, खंड, प्रकाशनाचे ठिकाण आणि साल, लेखांक, पृष्ठ. तोच संग्रह पुन्हा आला की लहान रूप पुरते: ‘राजवाडे, साधने, खं. १’ आणि पुढे लेखांक व पृष्ठ. साध्या ग्रंथासाठी लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, ठिकाण, साल, पृष्ठ. भाषांतर असेल तर ‘(अनु.)’ करून अनुवादकाचे नाव हवेच. अप्रकाशित कागद असेल तर आधी संस्थेचे नाव, मग दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा), आणि असेल तर कागदाचा क्रमांक. पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात कागद पाहत असाल तर रुमाल परत करण्याआधी हे आकडे दोनदा वाचून घ्या.

‘तत्रैव’ हा शब्द जपून वापरा. लगेच वरच्या टिपेतले पुस्तक पुन्हा आले की तत्रैव लिहितात. पण तुम्ही मसुद्यात मध्येच एक नवी टीप घुसवलीत की खालचे तत्रैव निराळ्याच पुस्तकाला जाऊन चिकटते आणि ते लक्षातही येत नाही. म्हणून मसुदा होईपर्यंत तत्रैव अजिबात लिहू नका, प्रत्येक वेळी लहान नाव लिहा. शेवटच्या वाचनात हवे तर बदला. ‘उनि’ आणि ‘पूर्वोक्त’ (दोन्हींचा अर्थ आधी सांगितलेला ग्रंथ) मी सोडूनच द्या म्हणते. वाचकाला दहा पाने मागे जायला लावण्यापेक्षा पुस्तकाचे लहान नाव बरे.

टीप कुठे हवी? अवतरण, आकडा, एखाद्याच्या मनातला हेतू, वादाचा मुद्दा, आणि दुसऱ्या अभ्यासकाचे मत. लढाई १७६१ मध्ये झाली याला टीप नको. छावणीत बाजारबुणगे किती होते हे टिपेशिवाय लिहूच नका, कारण तो आकडा पुस्तकागणिक बदलतो. टिपेचा आकडा वाक्याच्या पूर्णविरामानंतर, वर उचललेला. संगणकावर वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकदम दाबले की टीप तयार होते आणि क्रमांक आपोआप सरकतात. हाताने क्रमांक टाकत बसू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. जो कागद तुम्ही पाहिला नाही त्याची टीप देऊ नका. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. त्यातले एखादे पत्र तुम्ही दुसऱ्याच कोणाच्या पुस्तकात वाचले असेल तर टिपेत ते पुस्तक लिहा आणि ‘यात उद्धृत’ असे जोडा. याने गुण कमी होत नाहीत. उलट उसनी टीप पकडली गेली की बाकीच्या सगळ्या टिपांवर संशय येतो. संगणकाला प्रश्न विचारून मिळवलेला लेखांक किंवा पृष्ठांकही पान उघडून पाहिल्याशिवाय लिहायचा नाही. पानिपताचे एक मोठे साधन काशिराजाची हकिकत आहे. तो अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता आणि त्याने ती फारसीत, लढाईनंतर वीसेक वर्षांनी लिहिली. तुम्ही इंग्रजी भाषांतर वाचलेत ना? मग टिपेत भाषांतर म्हणा, आणि वीस वर्षांचे अंतर मजकुरात सांगा. बखरीचेही तेच. बखर हे साधन आहे, पण मोहिमेतून लिहिलेले पत्र आणि मागाहून रचलेली बखर एकाच वजनाने एका टिपेत बसवू नका.

अवतरणे

पानिपताचा एकही निबंध मोत्यांच्या पत्राशिवाय येत नाही. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही. पराभवाची ही सांकेतिक बातमी नानासाहेबाला जानेवारी १७६१ च्या अखेरीस भिलशाच्या बाजूला कळली असे सांगतात. मी एकदा एका तुकडीचे सगळे निबंध समोर ठेवून हे एकच वाक्य पाहिले. कुठे ‘मोती गळाले’, कुठे ‘मोत्ये हरपली’, कुठे ‘मोहोरा’, कुठे ‘खुर्दा किती गेला त्यास गणती नाही’. सगळ्यांना अवतरणचिन्हे होती. टीप एकालाही नव्हती.

मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथात हा मजकूर आहे, पण इंग्रजीत. म्हणजे तुमच्या मराठी वाक्यातले शब्द कोणाचे, हा प्रश्न खराच आहे. तुम्ही ज्या पुस्तकातून ते घेतले त्याचेच शब्द, त्याच्याच ऱ्हस्वदीर्घासह उतरवा आणि त्याच पुस्तकाची टीप द्या. आठवणीतून लिहायचे असेल तर अवतरणचिन्ह काढून आशय आपल्या शब्दांत सांगा, मी वर केले तसे. अवतरणचिन्ह म्हणजे ‘यातले अक्षर न् अक्षर मी कागदावर पाहिले’ अशी सही आहे.

तीन ओळींपर्यंतचे अवतरण मजकुरातच, चिन्हांसह. त्याहून मोठे असेल तर नवी ओळ, दोन्ही बाजूंनी समास आत, अक्षर एका आकड्याने लहान, आणि मग चिन्हे नकोत. गाळलेल्या मजकुरासाठी तीन टिंबे. तुम्ही घातलेला शब्द चौकटी कंसात. वाचन शंकास्पद असेल तर त्या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह.

जुने शब्द सुधारू नका. पत्रात ‘जाले’ असेल तर ‘जाले’च, त्याचे ‘झाले’ करायचे नाही. आपल्या लेखनाला मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची भर लागू आहे. त्याच नियमांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे असे सांगितले आहे. म्हणजे जुने तसेच ठेवणे हेच शुद्धलेखन झाले. छापील साधनांत दोन उभ्या रेघा दिसतात, ‘रा॥’, ‘मु॥’ अशा. तो पूर्णविराम नव्हे, शब्द आखडल्याची खूण आहे: राजश्री, मुक्काम. उलगडायचे असेल तर उरलेली अक्षरे चौकटी कंसात भरा, ‘मु[क्काम]’. पत्रातल्या अनोळखी शब्दांचा अर्थ पहिल्या वेळी लगेच द्या. ‘गिलचे’ म्हणजे अफगाण, ‘अंतर्वेद’ म्हणजे गंगा-यमुनेमधला दुआब, ‘श्रीमंत’ म्हणजे बहुतेक वेळा पेशवा.

नावे आणि आदर

बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव आणि बाळाजी जनार्दन या तीन वेगळ्या व्यक्ती. दुसरा नानासाहेब पेशवा, तिसरा नाना फडणीस. नाना फडणीस पानिपतावर हजर होता, वाचला, आणि त्याने स्वतःची हकिकत लिहून ठेवली. निबंधात नुसते ‘नाना’ लिहिलेत की वाचक अडलाच. पहिल्या वेळी पूर्ण नाव लिहा, पुढे एकच निवडलेले रूप.

गावांची नावे त्या काळची लिहा आणि आजचे नाव पहिल्या वेळी कंसात द्या: भिलसा (आजचे विदिशा). जिल्ह्यांची नावे अलीकडे बदलली आहेत, पण निजामशाही अहमदनगरचीच होती. सतराव्या शतकावर लिहिताना तिला अहिल्यानगरची म्हटले तर कागद आणि निबंध एकमेकांना ओळखणार नाहीत.

एकेरी की अहोजाहो, यावर वर्गात दर वर्षी वाद होतो आणि तो व्हावा. मुलांच्या निबंधात सर्रास असे दिसते: ‘भाऊसाहेब दिल्लीहून निघाले. अब्दाली यमुना उतरला.’ क्रियापदानेच निकाल दिला, पुरावा यायच्या आधी. शिवाजी महाराजांचा आदरार्थी उल्लेख मराठीत इतका मुरलेला आहे की तो तसाच ठेवावा. बाकी सगळ्यांना मी एकेरीच सुचवते, दोन्ही बाजूंना सारखीच: सदाशिवरावभाऊ निघाला, अब्दाली उतरला, नजीबखान त्याला मिळाला. मराठीतल्या अनेक जुन्या संशोधकांनी असेच लिहिले आणि त्यात अनादर नाही. तुम्हाला अहोजाहोच हवे असेल तर अब्दालीलाही द्या. तुमच्या कानाला ते खटकले, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहून लिहीत होतो ते कळेल.

भाषा

निबंधांत वारंवार येणारी तऱ्हा ही अशी: ‘पानिपतच्या रणभूमीवर मराठ्यांच्या शौर्याचा सूर्य तळपत होता. परंतु कपटी अब्दालीपुढे आणि भाऊसाहेबांच्या हट्टापुढे काही चालले नाही. लक्ष लक्ष वीर धारातीर्थी पडले. असे म्हणतात की घरोघरी बांगडी फुटली.’

पोवाड्यात हे शोभते आणि पोवाडा मला प्रिय आहे. निबंधात प्रत्येक वाक्याला विचारा: हे कुठल्या कागदावर आहे? ‘कपटी’ कोण म्हणाले? ‘लक्ष लक्ष’ कोणी मोजले? ‘असे म्हणतात’, म्हणजे कोण म्हणतात? उत्तर नसलेला शब्द काढत गेले की वरचा उतारा जवळजवळ संपतो. त्याच जागी असे लिहिता येईल: ‘ऑक्टोबर १७६० मध्ये मराठा फौजेने कुंजपुरा घेतला आणि तिथला धान्यसाठा तिच्या हाती आला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली. त्यामुळे छावणी आणि दिल्ली यांच्यामधला रस्ता त्याच्या बाजूला गेला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेला मारला गेला आणि अंतर्वेदीतून मदत येण्याचा मार्गही बंद झाला.’ इथे चार वाक्यांना चार टिपा लागतील आणि चारही मिळतील. दुःख यात कमी नाही. उपाशी छावणीचे चित्र विशेषणांनी उभे राहत नाही, महिन्यांच्या क्रमाने उभे राहते.

काळ भूतकाळच ठेवा. ‘अब्दाली यमुना ओलांडतो आणि भाऊ विचार करतो’ ही कादंबरीची रीत. अभ्यासकाच्या मताला वर्तमानकाळ चालतो: ‘शेजवलकर म्हणतात’. स्वतःसाठी ‘प्रस्तुत लेखक’ असे अवघडून लिहू नका. ‘या निबंधात मी दोन प्रकारची पत्रे वापरली आहेत’ हे सरळ आहे. ‘इतिहासकारांच्या मते’ हा शब्दप्रयोग दिसला की मी समासात ‘कोण?’ असे लिहिते.

टंकलेखन

युनिकोडमध्येच लिहा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला निबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो. झेरॉक्सच्या दुकानात हे शेवटच्या क्षणी कळते, म्हणून छापायला नेताना पीडीएफ करून न्या. मंगल हा फाँट बारा आकड्यात नीट वाचता येतो. कोकिळा नाजूक आणि लहान दिसतो, त्याला सोळापर्यंत न्यावे लागते. ओळींत दीडपट अंतर, चहूबाजूंनी एक इंच आणि बांधणीच्या बाजूला दीड इंच समास. ग्रंथांची नावे तिरकी करू नका, देवनागरी तिरकी केली की वेलांट्या आणि मात्रा वाचायला त्रास होतो. एकेरी अवतरणचिन्हात किंवा ठळक लिहा, हस्तलिखितात अधोरेखित करा.

संदर्भसूची शेवटी आणि विभागून: अप्रकाशित कागद, प्रकाशित मूळ साधने, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, लेख, संकेतस्थळे (पाहिल्याच्या तारखेसह). तळटिपेत ‘वि. का. राजवाडे’, सूचीत ‘राजवाडे, वि. का.’. सूची आडनावाच्या अकारविल्हे लावा. संगणकाने लावलेल्या क्रमात ‘क्ष’ने सुरू होणारी आडनावे ‘क’मध्ये जातात. त्यांना तिथेच ठेवा किंवा शेवटी न्या, पण सगळ्यांना एकच न्याय. वाचलेच नाही ते पुस्तक सूचीत नको.

छापून झाल्यावर एक काम करा. डोळे मिटून पाच टिपांवर बोट ठेवा, ग्रंथालयात जाऊन ती पाच पाने उघडा. तारीख, लेखांक, शब्द, तिन्ही ताडून बघा. पाचांतले एकही पान चुकले तर सगळ्या टिपा पुन्हा तपासाव्या लागतील आणि त्याला पूर्ण दिवस जातो. म्हणून ही फेरी निबंध द्यायच्या किमान चार दिवस आधी मारा. तेव्हा संदर्भ विभागातले खंडही बाकीच्या मुलांच्या हातात गेलेले नसतात.